नमुन्यांच्या खणातलं पत्र

भाऊंनी आयुष्यात उत्तर न दिलेलं पत्र एकच होतं, आणि तेही आपल्याच छापखान्यात छापलेलं.

एरवी पत्रोत्तराच्या बाबतीत भाऊंसारखा काटेकोर माणूस सापडायचा नाही. कुणाचा कुत्रा हरवल्याचं पत्रक दारात पडलं, तरी ‘आमच्या पाहण्यात आला नाही, क्षमस्व’ असं दोन ओळींत कळवणारे ते. पण आरोग्य खात्याचं पत्र आलं आणि इतक्या वर्षांची सवय मोडली.

त्या पत्रात नवीन काहीच नव्हतं. पंचावन्न ते चौऱ्याहत्तर वयाच्या, पुष्कळ वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसांची फुप्फुसं फुकट तपासायची, तीही काही त्रास सुरू व्हायच्या आधी, असं सरकारनं ठरवलं होतं. कॅन्सर असलाच, तर तो लहान असतानाच सापडावा. त्यासाठी स्कॅनचं यंत्र बसवलेली एक लांबलचक गाडी भाजी मंडईमागच्या मैदानात येऊन उभी राहिली होती. बोलावण्याची पत्रं छापायचं काम यांच्याच छापखान्याला मिळालं. चाळीस हजार पत्रं, चाळीस हजार अर्ज आणि तेवढीच टपालखर्च भरलेली पाकिटं. नावं-पत्ते खातं नंतर घालणार होतं. प्रूफं भाऊंनी तीनदा तपासली. मजकूर त्यांना पाठ झाला होता.

मग एका सकाळी त्यातलंच एक पत्र पोस्टमननं त्यांच्या हातात ठेवलं. वर त्यांचं नाव. भाऊंनी ते उभ्या उभ्या उघडलं आणि त्यांची नजर गेली ती समासाकडे. शाई सारखी लागली आहे, घडी सरळ बसली आहे, ओळी कुठे चढलेल्या नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कोपऱ्यात ‘बरोबर आहे’ असं लिहिलं, खाली तारीख आणि सही केली, आणि ज्या खणात प्रत्येक कामाची पहिली चांगली प्रत ठेवायची नानांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत होती, त्या नमुन्यांच्या खणात ते ठेवून दिलं. मग ते चहा प्यायला गेले.

आपण काय केलं हे त्यांना चहाच्या दुसऱ्या घोटालाच कळलं होतं. पण काही चुका इतक्या सोयीच्या असतात, की दुरुस्त करायला हात धजत नाही. खण बंद राहिला आणि तीन महिने गेले.

आणि आज, रविवारी दुपारी, घडीकामाच्या मोठ्या टेबलाभोवती सगळं घर जमलं होतं, ते नेमकं त्याच पत्रासाठी.

सभा बोलावली होती मैनेनं. मैना ही भाऊंच्या थोरल्या भावाची, दादांची मुलगी. लहानपणी तोंडाला विसावा नसे म्हणून नानांनी तिला हे नाव ठेवलं होतं. आता ती त्या गाडीतच काम करायची. लोकांना यंत्रात झोपवून श्वास रोखायला सांगायची आणि चित्रं काढायची.

“पाचांतला एक येतो,” ती रागानं म्हणाली. “एक! बाकीचे चार पत्राला उत्तरच देत नाहीत. आम्ही तिथं माश्या मारतोय. साहेब म्हणाले, पत्र नव्यानं लिहा. मी म्हटलं, छापखाना आमचाच आहे, घरच्यांनाच विचारते. तर बोला. हे पत्र वाचून माणूस का येत नाही?”

“लांब पडत असेल,” दादा म्हणाले. छापखान्याचा कारभार दादांकडे होता, त्यामुळे सभेत पहिलं बोलायचा मानही त्यांचाच. सत्तरी उलटली तरी आवाज यंत्राच्या वर चढवून बोलायची सवय गेली नव्हती, यंत्र बंद असलं तरी.

“लांब कसलं? मंडईत रोज जातात की सगळे.”

“मग अक्षर बारीक आहे.”

“अक्षर भाऊजींनी ठरवलंय,” वहिनी, म्हणजे मैनेची आई, म्हणाल्या. “त्यांना बोल लावू नका.”

“मी बोल लावत नाहीये. मी कारणं शोधतोय.”

“तुमचं कारण शोधणं आणि बोल लावणं ऐकायला सारखंच असतं, अहो.”

टेबलाच्या टोकाला काकू बसल्या होत्या. काकू म्हणजे भाऊंची बायको. मैनेमुळे सगळं घरच त्यांना काकू म्हणायला लागलं होतं, फक्त वहिनी तेवढ्या ‘धाकटे’ म्हणत. सोलून ठेवलेल्या संत्र्याच्या फोडी काकूंनी मैनेपुढे सरकवल्या.

भाऊ खुर्चीत शक्य तितके लहान होऊन बसले होते. आपल्याला कुणी काही विचारू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. पण अशी इच्छा चेहऱ्यावर उमटली, की लोक नेमकं त्यालाच विचारतात.

“काका, तू सांग,” मैना म्हणाली. “एवढी वर्षं लोकांचं लिहिलेलं वाचतोयस. काय चुकलंय यात?”

“मजकुरात चूक नाही,” भाऊ घाईघाईनं म्हणाले. “मी तीनदा पाहिलंय.”

“अरे, समोर पत्र नसताना काय चर्चा करताय?” दादा उठले. “थांबा, नमुना काढतो.”

भाऊ खुर्चीतून अर्धवट उठले. “दादा, मी काढतो. तू बस.”

“बसून बसून पाय आखडले माझे.” दादा खणाशी पोचलेसुद्धा होते. त्यांनी वरचाच कागद उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पल्लेदार आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘बरोबर आहे.’ हे भाऊचं. पुढे. ‘प्रति, श्री.’ …” ते थांबले. कागद त्यांनी लांब धरला, जवळ आणला. “अरेच्चा. नमुन्यावर तुझं नाव कसं काय?”

वहिनींनी कागद दादांच्या हातातून घेतला, शांतपणे वाचला आणि काकूंकडे दिला. काकूंनी तो पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “हा नमुना नाही. हे तुम्हाला आलेलं पत्र आहे.”

“हो,” भाऊ म्हणाले.

“तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे.”

“हो.”

“आणि तुम्ही त्यावर ‘बरोबर आहे’ लिहून ठेवून दिलंत?”

“म्हणजे… होतंच की बरोबर.”

मैनेला हसू आवरेना. संत्र्याच्या फोडीनं ठसका लागला आणि तिनं तोंडावर हात धरला. वहिनी हसल्या, मग दादांचं ते मोठं खदाखदा हसू सुरू झालं. भाऊही कसनुसं हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. हसू त्यांच्यापाशी येऊन थांबलं आणि एकेकानं ते आवरतं घेतलं.

“मला का नाही सांगितलंत?” काकू म्हणाल्या.

तीस वर्षं त्या दोघांचं काम समोरासमोर बसून चालायचं. काकू मूळ मजकूर मोठ्यानं वाचायच्या, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि भाऊ छापील ओळीवरून बोट फिरवायचे. दिवसाकाठी हजारो ओळी त्या दोघांमधून गेल्या होत्या. आता भाऊ टेबलावरच्या उलट्या कागदावरून नुसतंच बोट फिरवत राहिले.

दादांनी मात्र संधी साधली. “हे बघ भाऊ, तू शिकलेला माणूस. चूक प्रुफात सापडली तर एका रेघेनं भागतं. तीच सगळा माल छापून झाल्यावर सापडली तर?”

“बाबा, नको,” मैना कळवळून म्हणाली. “ही उपमा आमच्या साहेबांनीसुद्धा दिली, मी छापखानेवाल्यांची मुलगी आहे म्हणून.”

“चांगली आहे म्हणूनच दिली असेल!”

“चांगलीच आहे,” भाऊ हळूच म्हणाले. “पण दादा, प्रूफ दुसऱ्याचं असतं ना, तेव्हा वाचायला सोपं जातं.”

मग त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. चष्मा नसला की त्यांना समोरचे चेहरे धूसर दिसायचे, आणि तसे दिसले की बोलायला जरा धीर यायचा.

“नानांचा अहवाल मी वाचून दाखवला होता,” ते म्हणाले. “आठवतं? तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होता. नाना म्हणाले, डॉक्टर घाईत बोलतात, तू वाच. मी वाचलं. मधली एक ओळ वाचली नाही. किती पसरलंय ते त्या ओळीत होतं. जन्मात मी तेवढी एकच ओळ गाळली. हे पत्र आलं तेव्हा तेच डोक्यात आलं. माझाही असा कागद येईल. मग तो कोण वाचणार, आणि माझ्यासाठी कोण कुठली ओळ गाळणार? त्यापेक्षा खण बरा.”

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. नाना गेले त्याला अकरा वर्षं झाली होती आणि दादांना अजून त्यांच्याबद्दल बोलताना खिडकी लागायची.

वहिनींनी काकूंकडे पाहिलं. घरात एखादी गोष्ट ठरायची असली, की या दोन जावा आधी डोळ्यांनी ठरवत आणि पुरुषांना ते अर्ध्या तासानं कळे.

“मी वाचेन,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“तुमचा अहवाल. मी वाचेन. स्वल्पविरामासकट. माझ्या हातून आजवर ओळ गळलेली नाही, आणि तुमच्या प्रेमापोटी गाळेन असंही काही समजू नका.”

भाऊंनी चष्मा लावला. काकूंचा चेहरा नीट दिसला. त्या ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे रोखून पाहत होत्या, पण डोळे मऊ होते.

“आणि काका,” मैना म्हणाली, “नानांना वर्षभर खोकला होता. मग फोटो काढला. तुला खोकला आहे?”

“नाही.”

“दम लागतो?”

“दादाशी बोलताना.”

“मग! आम्हाला असेच लोक हवेत. बहुतेकांत काही निघत नाही. काहींना बारीकसा ठिपका असतो, त्यांना काही महिन्यांनी परत बोलावतो, आणि तोही बऱ्याचदा जुन्या सर्दी-पडशाचा व्रण निघतो. एखाद्यालाच खरं निघतं. गेल्या महिन्यात एक बसचालक आले होते. मसुराएवढी गाठ. वेळेत काढली. आता रोज फोन करून विचारतात, नातीला खांद्यावर कधी घेऊ?”

“आणि त्या यंत्रात कोंडून ठेवतात म्हणे?”

“मोठ्या कडबोळ्यासारखं आहे ते, काका. मध्ये भोक. इकडून गेलास, तिकडून आलास. सदरासुद्धा काढावा लागत नाही. एकदा श्वास रोखायचा, की झालं.”

“मग लोक का येत नाहीत?” दादा खिडकीपासून परत आले होते.

सगळ्यांची नजर पुन्हा भाऊंकडे वळली. आता लहान होऊन बसायची सोय राहिली नव्हती.

“कारण ते समन्स वाटतं,” भाऊ म्हणाले. “पहिलीच ओळ ‘आपण धूम्रपान करीत होता अशी आमच्याकडे नोंद आहे.’ मला वाटलं, निकाल लागलाय, नुसता ऐकायला बोलावतायत. वर पुन्हा आपलीच चूक. चूक आपली असली की माणूस दार उघडत नाही.”

मैना वहीत भराभर लिहायला लागली. “मग पहिली ओळ काय हवी?”

“आता मी काय सांगणार? सरकारी पत्र ते.”

“सांग ना.”

भाऊंनी पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. “‘रागवायला बोलावत नाही.’ असं काहीतरी. ‘तुम्ही सिगारेट ओढलीत म्हणून रागवायला बोलावत नाही. तुम्हाला बरं वाटत असतानाच या.’ नको, खोड ते. फार घरगुती झालं.”

“आता मी खोडत नसते,” मैना म्हणाली. “साहेबांना हेच दाखवते.”

वहिनींनी तोवर पत्राला टाचलेला अर्ज सोडवला होता. “भाऊजी, पेन घ्या. कधी सुरू केली?”

“एकोणिसाव्या वर्षी. मोठं यंत्र आलं तेव्हा.”

“बंद?”

“सत्तावन्नाव्या. नऊ वर्षं झाली.”

“म्हणजे अडतीस वर्षं. मध्ये कधी सोडली होती?”

“लग्नाच्या वर्षी,” भाऊ जरा अभिमानानं म्हणाले. “सव्वा महिना.”

“अकरा दिवस,” काकू म्हणाल्या. “बाराव्या दिवशी कागदाच्या गोदामात सापडले.”

“रोज किती?”

“वीस. एक पाकीट.” इथं भाऊ अडखळले. खोटं लिहायचं नव्हतं, पण खरंही नीट मोजायला हवं होतं. “म्हणजे पाकीट एक संपायचं. ओढायचो मात्र तेवढ्या मी नाही. बाकीच्या…” त्यांनी दादांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“बाकीच्या काय?” मैनेचे कान टवकारले.

“काही नाही.”

“बाबा?”

“माझा काय संबंध?” दादांचा आवाज एकदम यंत्राच्या वर गेला. “मी आयुष्यात सिगारेटचं पाकीट विकत घेतलेलं नाही. कुणालाही विचार.”

“विकत घेतलं नाही, हे खरं,” वहिनी म्हणाल्या. “पण तुमच्या सदऱ्यांना भोकं काय उंदरांनी पाडली?”

“अगं, मी भाऊला सोबत करायचो. एकटा ओढत बसला तर बरं दिसतं का?”

“सोबत किती, दादा?” भाऊंनी अगदी मऊ आवाजात विचारलं. “मला अर्जात बरोबर आकडा लिहायचाय.”

“दोन. तीन.”

“शाळेच्या पुस्तकांच्या हंगामात?”

“तेव्हा काम असायचं बाबा! पाच.”

“मतदार याद्यांच्या वेळी?”

“ते एकदाच झालं.”

“ते पाच वेळा झालं,” काकू म्हणाल्या. त्यांनी मतदार याद्या पाच वेळा मोठ्यानं वाचल्या होत्या, ते त्या कशा विसरणार? “आणि त्या दिवसांत दुपारी पाकीट रिकामं व्हायचं. हे मला दुसरं आणायला पिटाळायचे आणि म्हणायचे, ‘दादाला लागतात.’ मला वाटायचं, स्वतःचं पाप भावाच्या माथी मारतायत. आज कळलं, खरं बोलत होते.”

“अहो!” वहिनींनी दादांकडे वळून कंबरेवर हात ठेवले. “आरोग्य केंद्राची ती मुलगी दारावर आली होती ना, याद्या करायला? तिला काय सांगितलंत तुम्ही?”

दादा चष्मा पुसायला लागले.

“‘कधीच नाही’ म्हणालात. मी आतून ऐकलं. मला वाटलं, तिला लवकर वाटेला लावताय.”

“म्हणून तुला पत्र आलं नाही!” मैना उभी राहिली. “बाबा, मी त्या गाडीत रोज उभी असते! रोज लोकांच्या पाया पडते, या म्हणून! आणि माझ्या घरात दोन!”

दादांनी भाऊंकडे मदतीसाठी पाहिलं. साठ-बासष्ट वर्षं या घरात असंच चाललं होतं. दादांनी काहीतरी बोलून बसायचं आणि भाऊंनी ते मागून नीट करून द्यायचं. भाऊंना ते जमलंही असतं. पण त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि अर्जात आकडा लिहिला.

“माझ्या तेरा,” ते म्हणाले. “सात दादाच्या. अडतीस वर्षं.”

“अरे, फुकटची मोजायची नसते!”

“फुप्फुसाला कुठं कळतंय, बाबा, कुणाच्या खिशातली ती!” मैना म्हणाली.

“पण मला तर पत्रच नाही,” दादांनी शेवटचा खांब धरला. “बोलावल्याशिवाय कसं जायचं?”

या वाक्यावर काकूसुद्धा हसल्या. त्या उठल्या, मागच्या फळीवरून उरलेल्या छपाईचा गठ्ठा उचलला आणि दादांसमोर आपटला. टेबल हललं. पाचशे कोरे अर्ज होते, पाचशे पाकिटांसह.

“घ्या, दादा,” त्या म्हणाल्या. “हवं तेवढं बोलावणं.”

दादांनी अर्ज भरला. एरवी सही करायला त्यांना वाचावं लागत नसे. या वेळी त्यांनी प्रत्येक ओळ वाचली आणि दोनदा विचारलं, ‘अंदाजे’ लिहिलं तर चालेल का. वहिनी शेजारी उभ्या राहून आकडे वाढवत होत्या. ‘सात’च्या जागी ‘पाच’ पडले, तेव्हा त्यांनी नवा अर्ज काढून दिला. तिसऱ्या अर्जाला सात आले.

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर होती, सायकलदुरुस्तीच्या दुकानापाशी. रविवार असल्यानं दुकान बंद होतं आणि फळीवर एक मांजर उन्हात पसरलं होतं. बायका दारातच थांबल्या. मैना म्हणाली, “मी टाकते की दोन्ही,” पण वहिनींनी तिचा हात धरला. “त्यांना जाऊ दे.”

दोघं भाऊ चालत गेले. वाटेत दादा नव्या पत्राबद्दल बोलत राहिले, कागद जरा जाड घ्यावा, रंग निळा चालेल का, साहेबांना दर किती सांगावा. भाऊ ‘हूं’ म्हणत होते. पाकीट त्यांनी छातीच्या खिशात ठेवलं होतं आणि वरून हात धरला होता. कुणी पाहिलं असतं तर या माणसाला छातीत दुखतंय असंच वाटलं असतं.

पेटीशी दादा थांबले. शाळेत, छापखान्यात, नानांच्या उशाशी, सगळीकडे आधी दादा गेले होते. आता ते एक पाऊल बाजूला सरले.

“तुझं पत्र जुनं,” ते म्हणाले. “तू आधी.”

भाऊंनी पाकीट काढलं. ‘तेरा’ बरोबर आहेत ना? की चौदा? उघडून एकदा पाहावं का? त्यांचं बोट पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर गेलं. मग दारातल्या काकू त्यांना दिसल्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्या इकडेच पाहत होत्या. भाऊंनी पाकीट फटीत सोडलं. आत कुठंतरी खोल, इतर पत्रांवर ते हलकेच पडलं. भाऊंना एकदम भूक लागली.

दादांचं पाकीट अजून त्यांच्या हातातच होतं. ते त्यावरचा पत्ता वाचत होते. वाचून झाला, पुन्हा वाचत होते.

“आण इकडे,” भाऊ म्हणाले.

असं ते दादांना आजवर म्हणाले नव्हते. दादांनाही ते बहुधा जाणवलं, कारण त्यांनी मुकाट्यानं पाकीट दिलं, आणि दिलंय हे लक्षात यायच्या आत ते पेटीत पडलंही.

“अरे,” दादा म्हणाले, “मी टाकणारच होतो!”

“हो ना,” भाऊ म्हणाले. “मीसुद्धा तीन महिने टाकणारच होतो.”